जुनी आरसी गाडी: खोलण्यापासून मैदानापर्यंत

माळ्यावरून खाली काढलेल्या रिमोटच्या गाडीत लगेच नवे सेल घालून बघायचा मोह होतो. तो आवरा. पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेल्या गाडीत फुटलेल्या सेलचा क्षार, उंदराने कुरतडलेली वायर किंवा मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस यांपैकी काहीतरी असतंच. अशा अवस्थेत वीज दिली की इतकी वर्षं शाबूत राहिलेला भागही जळून जातो. म्हणून आधी गाडी बघायची, मग खोलायची, आणि वीज सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: गाडी कपाटात ठेवायची आहे की मैदानात पळवायची आहे? पुढचं जवळजवळ प्रत्येक काम या उत्तरावर अवलंबून आहे. कपाटातल्या गाडीचे मूळ टायर भेगाळलेले असले तरी ठेवायचे असतात, मूळ स्टिकर अर्धे उडालेले असले तरी काढायचे नसतात. पळणाऱ्या गाडीला मात्र नवे टायर, नवी बेअरिंगं आणि नवा रेडिओ लागतो. हा निर्णय न घेता काम सुरू केलेल्या गाड्या बहुधा अर्ध्यावर अडकतात. मूळ भाग फेकून झालेले असतात आणि नव्या भागांनाही गाडी धड पळत नसते.

गाडी कोणती ते ओळखा

नाशिकच्या घरांतून निघणाऱ्या जुन्या गाड्या साधारण दोन जातींच्या. पहिली जात आखातात नोकरीला असलेल्या मामा-काकांनी आणलेली: निक्को, तायो अशा जपानी कंपन्यांची तयार खेळणी. दुसरी दुर्मिळ: तामिया, क्योशो अशा कंपन्यांचे किट, म्हणजे सुट्या भागांतून घरी जोडलेली गाडी. ही देवळाली कॅम्पात बदलीवर निघालेल्या एखाद्या कुटुंबाच्या सामानात किंवा मुंबईहून आलेल्या भंगारात कधीतरी सापडते.

फरक ओळखायचा तर गाडी उलटी करा. चाकं स्क्रू किंवा नटने बसवलेली असतील, मोटर वेगळी काढता येत असेल आणि स्टिअरिंगला स्वतंत्र सर्व्हो (चाकं हवी तेवढी वळवणारी छोटी मोटर) असेल, तर ते किट. सगळं एकाच हिरव्या-तपकिरी सर्किट बोर्डला सोल्डर केलेलं असेल आणि पुढची चाकं फक्त पूर्ण डावी किंवा पूर्ण उजवी वळत असतील, तर बहुधा ते खेळणं. खेळण्याचे सुटे भाग मिळत नाहीत. तशीच दुसरी मोडकी गाडी शोधावी लागते. किटच्या बाबतीत चित्र उलटं आहे. चाळीस वर्षांपूर्वीच्या काही गाड्यांचे भाग आजही नवे मिळतात, कारण कंपन्यांनी त्याच गाड्या पुन्हा काढल्या.

तामियाची पहिली आरसी गाडी १९७६ ची पोर्शे ९३४. मग १९७९ मध्ये सँड स्कॉर्चर आली, १९८३ मध्ये फ्रॉग, १९८४ मध्ये ग्रासहॉपर आणि हॉर्नेट, १९८५ मध्ये हॉटशॉट, १९८७ मध्ये लंच बॉक्स. क्योशोची स्कॉर्पियन १९८२ ची. यातली हॉर्नेट २००४ मध्ये पुन्हा बाजारात आली. ग्रासहॉपर, फ्रॉग आणि लंच बॉक्स २००५ मध्ये, तर सँड स्कॉर्चर २०१० मध्ये. मूळ ग्रासहॉपरचा किट नंबर ५८०४३, नव्या आवृत्तीचा ५८३४६. खोकं नसेल तर चासीच्या पोटावर उठावदार अक्षरांत कोरलेल्या सालावर जाऊ नका. ते साल साच्याचं असतं आणि नवी आवृत्तीही बऱ्याचदा त्याच साच्यातून निघते. विकणाऱ्याने ‘१९८४ लिहिलंय बघा’ म्हटलं म्हणून चौपट पैसे मोजायचं कारण नाही.

ओळख पटली की त्या मॉडेलचं मूळ मॅन्युअल इंटरनेटवरून उतरवून छापून घ्या. तामियाच्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक भागाला अक्षर आणि आकडा दिलेला असतो, आणि सुटे भाग मागवताना तोच उपयोगी पडतो. मागवण्याआधी हिशेब करा. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर. बाहेरून एकेक भाग सुटा मागवणं म्हणजे पाठवणीचा खर्च दर वेळी नव्याने भरणं. पूर्ण गाडी खोलून, मोडक्या भागांची यादी करूनच एकदाच मागवा.

खोलणं

उजेडाची जागा, पांढरी जुनी चादर आणि कप्प्यांचा डबा, एवढी तयारी पुरे. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. वायरींचे फोटो दोन बाजूंनी घ्या, कारण जुन्या रेडिओमध्ये वायरींचे रंग आजच्या पद्धतीने असतीलच असं नाही.

स्क्रूंबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण निम्म्या गाड्या इथेच खराब होतात. जपानी गाड्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या प्रकारचे असतात. आपल्या घरातला साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर लावला की वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. जपानी बाइकच्या जुन्या कार्बोरेटरवरही हेच स्क्रू असतात, त्यामुळे मुरलेल्या बाइक मेकॅनिकला तुम्ही काय म्हणताय ते लगेच कळतं. जेआयएस ड्रायव्हर ऑनलाइन मिळतात. एक मध्यम आणि एक लहान घेतला की काम भागतं.

अडकलेल्या स्क्रूवर जोर लावू नका. सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. धातू तापतो, भोवतीचं प्लास्टिक किंचित सैल होतं आणि स्क्रू निघतो. जास्त वेळ टेकवलं तर आटे वितळतात, म्हणून थोडं तापवा, फिरवून बघा, नाही निघाला तर पुन्हा तापवा. परत बसवताना स्क्रू आधी उलटा हलकेच फिरवायचा. ‘टक’ करून जुन्या आट्यात बसला की मगच सुलटा पिळायचा. प्लास्टिकमध्ये दर वेळी नवे आटे पडले तर दोन-तीन वेळांत भोक सैल होतं.

गंजलेले स्क्रू रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, ब्रशने घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, वाळवा आणि तेलाचं बोट फिरवा. डोकं शाबूत असेल तर मूळ स्क्रूच वापरा. कपाटातल्या गाडीला चमक हवी असेल तर अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत झिंक प्लेटिंग करणारी युनिटं आहेत. मूठभर स्क्रूंसाठी कुणी टाकी लावणार नाही. ते तारेत ओवून घेऊन जा आणि त्यांच्या दुसऱ्या कामाबरोबर घालायची विनंती करा. पैशापेक्षा गोड बोलणं इथे जास्त उपयोगी पडतं.

धुणं आणि प्लास्टिक

वीजेचा एकही भाग नसलेली चासी, चाकं, हात (म्हणजे सस्पेन्शनच्या दांड्या) कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडने धुवा. कोपऱ्यांसाठी जुना टूथब्रश. सराफ बाजारातले कारागीर नाजूक दागिने रिठ्याच्या पाण्याने धुतात. ते पाणी जुन्या प्लास्टिकलाही मानवतं आणि स्टिकरचा डिंकही लगेच सुटत नाही. घट्ट काळ्या ग्रीससाठी मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा; एमजी रोडच्या मोबाइल स्पेअर्सच्या दुकानांत ‘आयपीए’ म्हटलं की देतात. पेट्रोल, थिनर आणि अ‍ॅसिटोन या कामापासून लांब ठेवा. क्रोमच्या बंपरला किंवा चाकांना ब्लीच असलेला कुठलाही क्लीनर लावू नका. ती चमक म्हणजे धातूचा अतिशय पातळ थर असतो आणि ब्लीच तो डोळ्यांदेखत खातं.

पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ऊन ही जोडी कामी येते. औषधाच्या दुकानात मिळणारं २० व्हॉल्यूमचं द्रावण साधारण ६ टक्क्यांचं असतं. केस रंगवायचं ४० व्हॉल्यूमचं डेव्हलपर क्रीम १२ टक्क्यांचं असतं आणि ते घट्ट असल्याने उभ्या भागावरही टिकतं. हातमोजे आणि चश्मा घाला, क्रीम एकसारखं लावा, वर स्वयंपाकघरातली पारदर्शक फिल्म गुंडाळा आणि सकाळच्या उन्हात ठेवा. तासाभराने भाग फिरवा आणि क्रीम वाळत नाही ना ते बघा. वाळलेल्या जागी पांढरे डाग पडतात आणि ते परत जात नाहीत. एप्रिल-मेच्या दुपारी हे काम करू नका. नाशिकच्या चाळीस अंशांत क्रीम वाळतं आणि पातळ भाग वाकतात. शिवाय हा उपाय कायमचा नाही, काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो. पळवायच्या गाडीसाठी मी हा खटाटोप करणार नाही.

नायलॉनचे भाग, म्हणजे स्टिअरिंगचे नकल (पुढचं चाक धरणारे सांधे), सस्पेन्शनचे हात, गिअर, वर्षानुवर्षं कोरड्या जागी राहून ठिसूळ होतात. नायलॉन ओलावा धरून ठेवतं आणि तो ओलावाच त्याला लवचिक ठेवतो. बसवण्याआधी हे भाग गरम, पण उकळत नसलेल्या पाण्यात घालून पाणी गार होईपर्यंत राहू द्या. शक्य असेल तर रात्रभर तसेच ठेवा. गाडी पहिल्याच उडीत मोडू नये म्हणून यापेक्षा स्वस्त विमा नाही.

मोडलेल्या चासीचं काय? एबीएस या कडक प्लास्टिकला तडा गेला असेल तर त्याच जातीच्या प्लास्टिकचे बारीक तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून दाट लेप करा आणि तड्याच्या आतल्या बाजूने भरा. पूर्ण कडक व्हायला एक-दोन दिवस द्या. धुताना अ‍ॅसिटोन लांब ठेवा म्हटलं आणि इथे वापरायला सांगतोय, कारण इथे प्लास्टिक विरघळवणं हेच काम आहे. नायलॉनवर हा लेप चालत नाही आणि फेविक्विकही टिकत नाही. नायलॉनचा मोडलेला भाग बदलायचाच.

गिअरबॉक्स आणि बेअरिंग

गिअरबॉक्स उघडून जुनं ग्रीस पूर्ण काढा. दात मोजा, कडा बघा. दात टोकाला सुरीसारखे पातळ झाले असतील तर गिअर संपला. मूळ फ्रॉगमध्ये मागच्या चाकांचे षटकोनी शाफ्ट झिजून निसटतात, ही त्या गाडीची जुनी खोड आहे. पळवायची असेल तर नव्या आवृत्तीचे शाफ्ट आणि कप जोडीने घ्या.

किटमध्ये बऱ्याचदा बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे किंवा पितळी रंगाचे बुश असतात. पळवायच्या गाडीत हे बदला. तामियाच्या गाड्यांत सगळ्यात जास्त लागणारं माप आतून ५ मिमी, बाहेरून ११ मिमी आणि जाडी ४ मिमी. हॉबीवाले त्याला ११५० म्हणतात. व्हर्निअरने मोजून घ्या आणि द्वारका परिसरातल्या बेअरिंगच्या दुकानात नेऊन दाखवा. तिथे नसलं तर ऑनलाइन मिळतंच. दोन्ही बाजूंना झाकण असलेलं घ्या, आपली धूळ बारीक असते.

नव्या ग्रीसला पांढरं लिथियम ग्रीस चांगलं. दातांवर पातळ थर पुरे. डबा भरल्यासारखं ग्रीस घातलं की मोटर गरम होते आणि बॅटरी लवकर उतरते. पिनियनची (मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरची) जागा बदलता येत असेल तर मोटर घट्ट करताना पिनियन आणि मोठ्या गिअरच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, दाबून स्क्रू आवळा, मग कागद फिरवून काढा. पट्टीवर दातांच्या खुणा उमटलेल्या दिसल्या पण कागद फाटला नाही, तर अंतर बरोबर आहे. डब्ल्यूडी-४० गिअरमध्ये मारू नका. तो गंज सैल करायला ठीक, वंगण म्हणून टिकत नाही.

मोटर

जुन्या ब्रश मोटरी (आत कार्बनचे ब्रश घासून वीज पोचवणाऱ्या) चिवट असतात. ग्रासहॉपरला मूळची ३८० मापाची मोटर, हॉर्नेटला ५४० ची. शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. किंचित अडखळत का होईना, पण सहज फिरला तर मोटर बहुधा वाचेल. मोटरच्या छिद्रांतून काँटॅक्ट क्लीनर मारा, काळं पाणी गळून जाऊ द्या, वाळवा, आणि दोन्ही टोकांच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. जास्त तेल कॉम्युटेटरवर (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या गोल भागावर) गेलं की ठिणग्या वाढतात.

मग दोन पेन्सिल सेलवर, म्हणजे साधारण ३ व्होल्टवर, मोटर काही मिनिटं रिकामी फिरू द्या. ब्रश हळूहळू कॉम्युटेटरच्या गोलाईला बसतात. सुरुवातीला आवाज खरखरीत असतो, मग एकसारखा होतो. मोटरच्या पाठीवर तीन छोटे चकतीसारखे कपॅसिटर दिसतील, बहुधा १०४ लिहिलेले. त्यातला एकही तुटला असेल तर नवा सोल्डर करा. तो नसेल तर मोटरच्या ठिणग्या रेडिओत गोंधळ घालतात आणि सगळे रेडिओलाच दोष देत बसतात.

बॅटरी आणि रेडिओ

सेलच्या डब्यात पांढरा किंवा हिरवट क्षार दिसला तर तो अल्कली असतो. कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन तो विरघळवा, मग आयपीएने पुसा. पत्रे पूर्ण खाल्ले असतील तर नव्या सेल-होल्डरमधून कापून बसवा. जुना ७.२ व्होल्टचा निकॅड पॅक वाचवायच्या मागे लागू नका. त्यात कॅडमियम असतं, म्हणून तो घंटागाडीतही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

जुना स्पीड कंट्रोलर यांत्रिक असतो. सर्व्हो एक हात फिरवतो, हात तांब्याच्या पट्ट्यांवर सरकतो आणि मधल्या वेगासाठी वीज एका सिरॅमिक रेझिस्टरमधून जाते. तो रेझिस्टर इतका तापतो की बोट लावलं तर फोड येतो, आणि बॉडी त्याला टेकत असेल तर वितळते. पट्ट्या पेन्सिलच्या खोडरबराने घासा, आयपीएने पुसा, आणि रेझिस्टरच्या टोकांना सोल्डर धड आहे का बघा. कपाटातल्या गाडीत हा कंट्रोलर जागेवर राहायलाच हवा. तो काढलेली गाडी मला अपुरी वाटते.

पळवायच्या गाडीत मात्र आधुनिक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर घाला. ब्रश मोटरसाठी हॉबीविंगचा क्विकरन १०६० हा लोकप्रिय पर्याय आहे. निकेल आणि लिथियम दोन्ही बॅटऱ्या त्याला चालतात आणि रिसीव्हरची वीजही तोच देतो, त्यामुळे जुना चार सेलचा वेगळा डबा लागत नाही. बॅटरीचा प्रकार कंट्रोलरवरच्या जंपरने निवडायचा असतो, ते विसरू नका. जुन्या गिअरबॉक्सला ७.२ व्होल्टचा निकेल मेटल हायड्राइड पॅक पुरेसा आहे. लिथियमने वेग वाढतो, पण चाळीस वर्षांच्या प्लास्टिकचे दात तो वेग झेलतीलच असं नाही. मी सुचवतो ते असं: यांत्रिक कंट्रोलर मूळ जागी तारा न जोडता राहू द्या, नवा कंट्रोलर चासीत दिसणार नाही अशा कोपऱ्यात दुहेरी टेपने चिकटवा. दोन्ही इच्छा पूर्ण होतात आणि उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर एकही भोक पाडलेलं नसतं.

जुना २७ मेगाहर्ट्झचा रेडिओ चालू असेल तर तो गमतीचा आहे. लांब अँटेना आणि क्रिस्टलची (फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या छोट्या भागांची) जोडी. रिमोटमधल्या आणि रिसीव्हरमधल्या क्रिस्टलचे आकडे मुद्दामच वेगळे असतात, नेहमीच्या जुन्या रेडिओत फरक ४५५ किलोहर्ट्झचा. त्यांची अदलाबदल केली की गाडी मुकी होते. रंगांच्या खुणाही ठरलेल्या: २६.९९५ तपकिरी, २७.०४५ लाल, २७.०९५ नारिंगी, २७.१४५ पिवळा, २७.१९५ हिरवा, २७.२५५ निळा. एकाच रंगाच्या क्रिस्टलच्या दोन गाड्या एकाच वेळी पळवल्या तर दोन्ही एकमेकींच्या रिमोटला ऐकतात. रिसीव्हरची लोंबती वायर कापू नका. ती अँटेना आहे आणि तिची लांबी ठरवून ठेवलेली असते.

बाकी रोजच्या वापराला २.४ गिगाहर्ट्झचा साधा दोन चॅनेलचा रेडिओ भारतातूनच घ्या. बाहेरून रेडिओ मागवला तर वायरलेस उपकरणाच्या मंजुरीचा प्रश्न कस्टममध्ये उभा राहू शकतो. जुना सर्व्हो नव्या रिसीव्हरला जोडण्याआधी वायरींचा क्रम मल्टिमीटर आणि मॅन्युअल घेऊन तपासा. काही जुन्या कंपन्यांच्या प्लगमध्ये धन-ऋणाचा क्रम वेगळा आहे आणि उलटा जोडला तर सर्व्हो जळतो.

निक्कोसारख्या खेळण्यात बोर्ड गेला असेल तर मूळ बोर्ड डबीत जपून ठेवा आणि त्या जागी छोटा ब्रश कंट्रोलर, मायक्रो सर्व्हो आणि नवा रिसीव्हर बसवा. स्टिअरिंगची दांडी सर्व्होच्या हाताला जोडायला सायकलच्या स्पोकचा तुकडा वाकवून वापरता येतो. आता चाकं हवी तेवढीच वळतात, जे त्या गाडीला जन्मापासून कधी जमलं नव्हतं.

टायर

साबणाने धुऊन सावलीत वाळवा. पेट्रोलियमचं काहीही लावू नका, रबर फुगतं. सिलिकॉन तेलाचा पातळ हात दिला की काळेपणा परत येतो, पण भेगा बुजत नाहीत. एका बाजूने चपटे झालेले टायर गरम पाण्यात काही मिनिटं ठेवून गोल आकारात आत कागद ठासून ठेवले तर बरेचसे सुधारतात.

बॉडी

गाडी बघणारा आधी बॉडी बघतो, आणि सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडवल्या जातात. आधी जात ओळखा. ग्रासहॉपर, लंच बॉक्स आणि सँड स्कॉर्चरची बॉडी कडक प्लास्टिकची, रंग बाहेरून. हॉर्नेट, फ्रॉग आणि हॉटशॉटची पॉलिकार्बोनेटची, पातळ, पारदर्शक, रंग आतून. तामियाचे स्प्रेही त्यानुसार वेगळे: कडक प्लास्टिकला टीएस, पॉलिकार्बोनेटला पीएस.

स्टिकरला हात लावण्याआधी ते स्कॅन करा. ६०० डीपीआयवर, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. बॉडीवरून न निघणारे स्टिकर समोरून फोटो काढून मोजून घ्या. मग रेडियमच्या दुकानात जा, तिथे गाड्यांच्या नंबर प्लेट आणि अक्षरं कापणारा प्लॉटर असतो. छापील विनाइलवर लॅमिनेशन करून कडेने कापून मागितलं तर मूळच्या खूप जवळचं मिळतं. एका रंगाचे आकडे आणि पट्टे असतील तर छापण्यापेक्षा रंगीत विनाइलमधूनच कापा, धार चांगली येते.

कडक बॉडीवरचा जुना रंग काढायला झाकणाच्या डब्यात आयपीए घेऊन बॉडी बुडवून ठेवा आणि काही तासांनी मऊ ब्रशने घासा. डबा गॅसपासून लांब आणि खिडकी उघडी हवी. आधी आतल्या बाजूला छोट्या जागी चाचणी घ्या. मग पॉलिश पेपर: ४०० ने ओरखडे, ८०० ने गुळगुळीत, पाण्याबरोबर. प्राइमर, पुन्हा ८००, मग रंगाचे पातळ थर. एकाच जाड थरात रंग पुरा करायची घाई केली की तो खाली वाहतो.

पॉलिकार्बोनेटचा जुना रंग आतून काढायच्या भानगडीत शक्यतो पडू नका. तिथला रंग थोडा उडाला असेल तर तेवढीच जागा आतून भरा. तड्याच्या टोकाला दीड-दोन मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे जात नाही. आतून पीओपीवाले सांध्याला लावतात ती जाळीची फायबर टेप लावा आणि वर न्यूट्रल सिलिकॉन सीलंट पसरा. व्हिनेगरसारखा वास येणारा साधा सिलिकॉन नको, तो पॉलिकार्बोनेटला बाधतो.

नवी पॉलिकार्बोनेट बॉडी रंगवत असाल तर साबणाने धुऊन वाळवा, खिडक्या आतून मास्किंग टेपने झाका, टेपची कड नखाने घट्ट दाबा. रंगाचा क्रम नेहमीच्या उलट: बाहेरून सगळ्यात वर जे दिसायचं ते आतून सगळ्यात आधी. गडद रंग आधी, फिका नंतर. पिवळा, फ्लुरोसंट असे रंग पाठीमागे पांढरा थर दिल्याशिवाय खुलत नाहीत. हार्डवेअरच्या दुकानातला साधा स्प्रे स्वस्त आहे, पण बॉडी वाकली की तो पापुद्र्यांनी सुटतो. इथे पीएस किंवा पॉलिकार्बोनेटसाठीचाच रंग हवा.

हवामानाचं पंचांग आपलं वेगळं आहे. जुलै ते सप्टेंबर नाशिकची दमट हवा ताज्या रंगावर धुरकट पांढरी झाक आणते. तेव्हा मोटर आणि गिअरबॉक्सची कामं उरकावीत. मेच्या दुपारी रंग हवेतच वाळून खरखरीत पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कॅनचा दाब उतरतो. कॅन कोमट पाण्यात, गरम नव्हे, काही मिनिटं ठेवून मग हलवा. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत आणि फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, वारा नसताना काम सगळ्यात छान होतं.

डिटेलिंगमध्ये हात आखडता ठेवा. चालकाच्या पुतळ्याचं हेल्मेट, हेडलाइटची कड, पाइपांवर चंदेरी, एवढं बारीक ब्रशने केलं तरी गाडी जिवंत होते. पॅनेलच्या रेषांत पातळ केलेला काळा रंग सोडून वरचा पुसून घ्या. बंपरवरचे जुने ओरखडे मात्र मी घालवत नाही. शोरूममधल्यासारखी गाडी हवी असेल तर नवी आवृत्ती मिळते. जुनीच्या अंगावर तिचं वय दिसायला हवं. स्टिकर चिकटवताना पाण्यात साबणाचा एक थेंब घालून पृष्ठभाग ओला करा, जागा जुळवा, मग मधून बाहेर पाणी ढकला.

जोडणी आणि पहिली फेरी

मॅन्युअलच्या क्रमाने जोडा, पण तेलाचे डँपर (धक्के झेलणाऱ्या नळ्या) आधी भरून ठेवा. हॉर्नेटला मागे तेलाचे डँपर आहेत. त्यात सिलिकॉन तेल घाला, दांडी हळू खाली-वर करून बुडबुडे वर येऊ द्या, थोडा वेळ उभे ठेवा, मगच झाकण लावा. गळत असेल तर ओ-रिंग बदला; ती काही रुपयांची असते.

आता वीज. गाडी ठोकळ्यावर, चाकं हवेत. आधी रिमोट चालू, मग गाडी. बंद करताना उलट. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सारखं वळतंय का, ब्रेकला मोटर थांबते का, वास येतोय का, हे बघा. रेंज तपासायला सोबतीला कुणी गाडी धरून उभं राहिलं तर सोपं.

गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालणारे आणि क्रिकेटवाले यांची गर्दी असते, तिथे नवी जोडलेली गाडी नेऊ नका. म्हसरूळ-मखमलाबादकडची मोकळी, कोरडी, मुरमाड जागा उत्तम. काळ्या मातीत ओल असेल तर ती गिअरबॉक्सभोवती लिंपून बसते, म्हणून पावसानंतर आठवडाभर थांबा. पाच मिनिटं अर्ध्या वेगाने पळवा, थांबवा आणि मोटरला बोट लावा. बोट टेकवून ठेवता येत असेल तर ठीक. येत नसेल तर पिनियन फार आवळलेलं आहे, बेअरिंग अडकतंय किंवा ग्रीस जास्त झालं आहे. या क्रमाने तपासा. मग सगळे स्क्रू एकदा पुन्हा आवळा. चाकांचे नट पहिल्या फेरीत हमखास सैल होतात.

घरी आल्यावर ब्रशने धूळ झाडा, बॅटरी काढा, रिमोटमधले सेलही काढा. गाडी चाकांवर न ठेवता चासीखाली लाकडी ठोकळा ठेवून कपाटात ठेवा, आणि जूनच्या आधी शेजारी सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका.